वेबसाइटचा खर्च सांगणारी फुकट टूल्स: न्हावा शेवाच्या छोट्या व्यावसायिकांनी त्यांच्या आकड्यावर किती विसंबावं?

न्हावा शेवाच्या बंदरानं, म्हणजे जेएनपीएनं, २०२४-२५ या आर्थिक वर्षात सुमारे ७३ लाख टीईयू कंटेनर हाताळले. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापानं केलेली मोजणी. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि लोकल उरणपर्यंत पोहोचली. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. मोठ्या कंपन्यांसोबतच उरण, द्रोणागिरी, जासई, करळ या पट्ट्यातले ट्रेलरमालक, कस्टम ब्रोकर, गोदामवाले आणि लेबर कॉन्ट्रॅक्टर यांचंही काम बदलतंय.

आतापर्यंत हा धंदा ओळखीवर, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर चालत आला. पण लुधियानाचा निर्यातदार किंवा दुबईचा आयातदार तुमचं नाव ऐकल्यावर आधी गुगलवर शोधतो. वेबसाइट नसेल तर 'ही कंपनी खरी आहे का?' ही शंका त्याच्या मनात येतेच. म्हणून प्रश्न पडतो: वेबसाइट करायला किती खर्च येईल?

हाच प्रश्न गुगलला विचारला की 'वेबसाइट कॉस्ट कॅल्क्युलेटर' नावाची डझनभर फुकट टूल्स समोर येतात. चार-पाच प्रश्न, काही टिकमार्क, आणि शेवटी एक आकडा. गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण त्याच वर्णनावर एक टूल काही हजार सांगतं आणि दुसरं काही लाख.

ही टूल्स आकडा काढतात कशी, तो इतका वेगळा का येतो आणि त्यातलं कोणतं वापरावं, हे समजून घेऊ.

टूल आकडा काढतं कसं?

बहुतेक कॅल्क्युलेटरच्या मागे एक साधा तक्ता असतो. पानं किती, डिझाइन साधं की खास, ऑनलाइन पेमेंट हवं का, लॉगिन हवं का, अशा प्रत्येक उत्तराला टूल बनवणाऱ्यानं एक रक्कम ठरवून दिलेली असते. तुम्ही टिक करत जाता आणि मागे बेरीज होत जाते. अमेरिकेतल्या वेबएफएक्स या डिजिटल मार्केटिंग कंपनीचा कॅल्क्युलेटर याचं जुनं आणि प्रसिद्ध उदाहरण. त्यात पानांची संख्या, डिझाइनची शैली, ई-कॉमर्स, डेटाबेस वगैरे पर्याय निवडायचे असतात आणि हिशेब डॉलरमध्ये येतो.

थोडक्यात, बाजारात वेबसाइटचा दर काय आहे हे कॅल्क्युलेटर मोजत नाही. ज्या कंपनीनं तो बनवला त्या कंपनीचं दरपत्रक तो तुम्हाला प्रश्नांच्या रूपात वाचून दाखवतो. एका ट्रान्सपोर्टरला मुंद्र्याचं भाडं विचारलं तर तो स्वतःचा दर सांगेल, सगळ्या बाजाराचा नाही. इथेही तसंच आहे.

मग हे फुकट का देतात?

कारण यातून त्यांना ग्राहक मिळतो. अनेक कॅल्क्युलेटर सगळे प्रश्न विचारून घेतात आणि शेवटच्या पानावर म्हणतात, 'अंदाज पाहण्यासाठी नाव, ईमेल आणि मोबाइल नंबर द्या.' दहा मिनिटं घालवलेली असतात म्हणून आपण नंबर देतो. त्यानंतर सेल्सचे फोन सुरू होतात. मार्केटिंगच्या भाषेत याला लीड म्हणतात. तुमचा व्यवसाय, तुमची गरज आणि तुमचं बजेट हे सगळं तुम्ही स्वतःच भरून दिलेलं असतं.

यात बेकायदा काही नाही. पण ज्याला तुमचं बजेट आधीच कळलंय त्याच्याशी घासाघीस करणं अवघड जातं. कॅल्क्युलेटरमध्ये 'तुमचं बजेट ५० हजार ते १ लाख' असा पर्याय निवडलात, तर पुढे येणारं कोटेशन ५० हजारांच्या खाली उतरण्याची शक्यता किती, याचा विचार करा.

अशा टूल्सचे प्रकार किती?

ढोबळमानानं पाच.

पहिला प्रकार एजन्सीच्या कॅल्क्युलेटरचा, ज्याबद्दल वर बोललो.

दुसरा, वेबसाइट बिल्डरची किंमत-पानं. विक्स, शॉपिफाय, वर्डप्रेस डॉट कॉम यांसारख्या सेवा महिन्याचा दर स्पष्ट लिहितात. तुम्ही स्वतः वेबसाइट बनवणार असाल तर हा सगळ्यात प्रामाणिक आकडा. फक्त दोन गोष्टी पाहायच्या. दर महिन्याचा दिसत असला तरी पैसे वर्षाचे एकदम घेतले जातात का? आणि पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर रिन्युअलचा दर काय?

तिसरा, क्लाउड कंपन्यांचे प्राइसिंग कॅल्क्युलेटर. ॲमेझॉन, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांची अशी टूल्स फुकट आहेत आणि बारकाईनं हिशेब दाखवतात. पण ती फक्त सर्व्हर, साठवण आणि डेटाचा खर्च सांगतात. वेबसाइट बनवणाऱ्या माणसाची मजुरी त्यात नसते. आठ पानांच्या साइटसाठी त्यांची गरजही नसते.

चौथा, सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतल्या अंदाज-पद्धती. आयबीएमच्या ॲलन आल्ब्रेख्त यांनी १९७९ मध्ये 'फंक्शन पॉइंट' ही पद्धत मांडली. बॅरी बोहम यांनी १९८१ मध्ये 'कोकोमो' हे गणिती मॉडेल दिलं. ती मोठ्या प्रकल्पांसाठी आहेत. छोट्या साइटला लावणं म्हणजे हातगाडीसाठी वजनकाटा बांधण्यासारखं होईल. त्यांतली एक कल्पना मात्र आपल्या कामाची आहे, ती पुढे पाहू.

पाचवा प्रकार: चॅटजीपीटी, जेमिनी यांसारखे एआय चॅटबॉट. ते आकडा आत्मविश्वासानं सांगतात, पण तोच प्रश्न थोडा बदलून विचारला की आकडाही बदलतो. त्यांनी वाचलेल्या मजकुरात अमेरिकी आणि युरोपीय दरांचा भरणा मोठा असल्यानं रुपयांतलं उत्तरही कधीकधी डॉलरच्या अंदाजातून आलेलं असतं. दर विचारायला ते कच्चे आहेत. 'माझ्या वेबसाइटसाठी कोणकोणती कामं करावी लागतील?' हे विचारायला मात्र चांगले आहेत.

आकड्यांमध्ये एवढी तफावत का?

बोहम यांच्या कामातली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. प्रकल्प फक्त डोक्यात असतो तेव्हा काढलेला अंदाज प्रत्यक्षात चौपट किंवा एक चतुर्थांशही ठरू शकतो, असं त्यांनी मांडलं. जसजसं काम ठरत जातं तसतसा हा पल्ला अरुंद होत जातो. पुढे या आलेखाला 'अनिश्चिततेचा शंकू' असं नाव पडलं.

म्हणजे चार टिकमार्क करून आलेला ४० हजारांचा आकडा खरंतर '१० हजार ते १ लाख ६० हजार' असं सांगत असतो. तरी टूल तुम्हाला '₹४१,३५०' असं नेमकं लिहून दाखवतं. शेवटच्या ३५० रुपयांमुळे हिशेब पक्का वाटतो, पण ती नेमकेपणाची नुसती झाक आहे.

मोठमोठ्या सरकारांनाही हे चुकलेलं नाही. अमेरिकेच्या हेल्थकेअर डॉट गव्ह या आरोग्य विमा वेबसाइटच्या मुख्य भागाचं कंत्राट सप्टेंबर २०११ मध्ये ५.६ कोटी डॉलरचं होतं. फेब्रुवारी २०१४ पर्यंत ते २०.९ कोटी डॉलरच्या वर गेलं. तिथल्या लेखापरीक्षण संस्थेनं याचं एक मोठं कारण सांगितलं: काय बनवायचंय हे पुरतं ठरलेलं नसताना काम सुरू झालं आणि गरजा बदलत गेल्या.

म्हणून अंदाज सुधारायचा असेल तर जास्त हुशार टूल शोधून फायदा नाही. आधी 'काय हवंय' याची यादी पक्की करावी लागते.

टूल चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

वापरण्याआधी सहा प्रश्न विचारा.

१. आकडा दाखवण्याआधी मोबाइल नंबर मागतं का? मागत असेल तर ते विक्रीचं साधन आहे. बंद करा आणि पुढच्या टूलकडे जा.

२. आकड्याची फोड दाखवतं का? डिझाइनला किती, बांधणीला किती, मजकुराला किती, आणि शक्यतो तास किती व तासाचा दर किती. फोड नसलेला आकडा तुम्हाला पडताळता येत नाही.

३. हिशेब भारतातल्या मजुरीचा आहे का? डॉलरला आजच्या विनिमय दरानं गुणलं की तो भारतीय दर होत नाही. उरण किंवा पनवेलमधल्या फ्रीलान्सरचा तासाचा दर आणि अमेरिकेतल्या एजन्सीचा दर यांत अनेक पटींचं अंतर आहे.

४. किती वर्षांचा खर्च सांगतं? फक्त बांधणीचा सांगत असेल तर अर्धीच गोष्ट सांगतंय.

५. एकच आकडा देतं की 'इतके ते इतके' असा पल्ला? पल्ला देणारं टूल जास्त प्रामाणिक.

६. एक उत्तर बदलल्यावर काय होतं? ही परीक्षा दोन मिनिटांत होते. पानं पाचवरून दहा करा. आकडा थेट दुप्पट झाला तर टूल पानं मोजतंय, काम नाही. एकाच साच्यातलं सहावं पान पहिल्याइतका वेळ घेत नाही. मग 'दुसरी भाषा' हा पर्याय शोधा. मराठी आणि इंग्रजी अशी दोन भाषांत साइट हवी असेल आणि टूलला हा प्रश्नच सुचला नसेल, तर त्याचा आकडा तुमच्यासाठी अपुरा आहे.

न्हावा शेवातलं एक उदाहरण करून पाहू

समजा, द्रोणागिरीजवळ एक कंपनी आहे. पंधरा ट्रेलर, एक छोटं यार्ड. तिला आठ पानांची, मराठी-इंग्रजी वेबसाइट हवी. कंपनीची माहिती, गाड्यांचे प्रकार, मार्ग, परवाने, फोटो, नकाशा, व्हॉट्सॲपचं बटण आणि दर विचारण्याचा एक फॉर्म. खालचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. तुमचे वेगळे असतील, पद्धत तीच राहील.

मजकूर आणि मांडणी ठरवणं: १२ तास
डिझाइन: १५ तास
बांधणी: २० तास
फॉर्म: ४ तास
दुसरी भाषा: १० तास
वेगवेगळ्या मोबाइलवर तपासणी: ६ तास
तुमच्या माणसाला शिकवणं: ३ तास
एकूण: ७० तास

तासाला ५०० रुपये घेणारा फ्रीलान्सर असेल तर ३५,००० रुपये. तासाला १,२०० रुपये लावणारी एजन्सी असेल तर ८४,००० रुपये. काम तेच आहे आणि कुणी फसवतही नाहीये. फरक दराचा आहे, आणि तो दिसला म्हणजे त्यावर बोलता येतं. एजन्सी जास्त दरात काय जास्त देते, एकजण आजारी पडला तर दुसरा काम करतो का, हे विचारता येतं.

आता पुढची तीन वर्षं धरा. डोमेन वर्षाला १,००० रुपये, म्हणजे ३,०००. होस्टिंग वर्षाला ४,००० रुपये, म्हणजे १२,०००. देखभाल महिन्याला दोन तास, ५०० रुपये दरानं ३६ महिन्यांचे ३६,०००. एकूण ५१,००० रुपये.

म्हणजे फ्रीलान्सरकडून केलेल्या साइटचा तीन वर्षांचा खरा खर्च ८६,००० रुपये, आणि त्यातला जवळपास ६० टक्के भाग साइट तयार झाल्यानंतरचा. फक्त बांधणी मोजणाऱ्या टूलनं नेमका हाच भाग गाळलेला असतो.

सरकारी प्रकल्पात हा हिशेब आधीच धरतात. प्राप्तिकर विभागाच्या नव्या ई-फायलिंग यंत्रणेला जानेवारी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ४,२४२ कोटी रुपयांची मंजुरी दिली, तेव्हा ती रक्कम साडेआठ वर्षांसाठी होती. इतके कोटी वेबसाइटला कशाला, असा सवाल सोशल मीडियावर अनेकांनी केला. पण त्या रकमेत इतकी वर्षं यंत्रणा चालवणं, कर, भाडं, टपाल हे सगळं होतं. ७ जून २०२१ ला पोर्टल सुरू झाल्यावर ज्या अडचणी आल्या त्यावरची टीका रास्त होती. मात्र खर्च वर्षांत मोजायचा असतो, हा धडा आपल्या आठ पानांच्या साइटलाही लागू होतो.

जे आधीच फुकट मिळतं, ते पुन्हा बनवू नका

बंदराच्या पट्ट्यातल्या व्यावसायिकाची सगळ्यात मोठी बचत इथे आहे आणि ती कोणतंही टूल सुचवत नाही.

कॅल्क्युलेटरमध्ये 'ट्रॅकिंग' असा पर्याय दिसला की ट्रान्सपोर्टरचं बोट आपोआप तिकडे जातं. 'आपला कंटेनर कुठे आहे हे ग्राहकाला साइटवर दिसलं पाहिजे.' टिक केली की आकडा उडी मारतो. आपल्या उदाहरणात या कामाला ६० तास धरले तर ३०,००० रुपये वाढतील, आणि देखभाल वेगळी.

पण कंटेनरचा माग दाखवणारी सरकारी व्यवस्था आधीपासून आहे आणि तिची सुरुवातच इथून झाली. 'लॉजिस्टिक्स डेटा बँक' ही सेवा जुलै २०१६ मध्ये न्हावा शेवा बंदरात सुरू झाली. कंटेनरवर आरएफआयडी टॅग लावला जातो आणि बंदर, टोलनाका, सीएफएस अशा ठिकाणी बसवलेली यंत्रं तो वाचतात. तिच्या वेबसाइटवर कंटेनर क्रमांक टाकून तो कुठे पोहोचला हे पाहता येतं. कस्टमकडच्या बिल ऑफ एन्ट्री आणि शिपिंग बिलाची स्थिती 'आइसगेट' पोर्टलवर पाहता येते.

तुमच्या साइटवर या सेवांचे दुवे आणि 'कंटेनर क्रमांक असा टाका' अशा चार ओळी पुरतात. स्वतःची ट्रॅकिंग यंत्रणा लागते ती पंधरा गाड्यांना नव्हे, शेकडो गाड्या आणि रोजचे डझनावारी ग्राहक असतील तेव्हा.

असंच आणखी काही. वेबसाइटच्या पत्त्यापुढे 'एचटीटीपीएस' दाखवणारं एसएसएल प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा सेवा २०१५ पासून मोफत देते. तुमच्या कोटेशनमध्ये एसएसएलसाठी वर्षाला मोठी रक्कम लावली असेल तर कारण विचारा. मुक्ता, नोटो सान्स देवनागरी यांसारखे चांगले मराठी फॉन्टही मोफत आहेत. जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट ज्यावर चालतात ते वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर तर मोफतच आहे. त्यावर काम करणाऱ्याच्या वेळेचे पैसे द्यायचे, सॉफ्टवेअरचे नाहीत.

तयार साचा किती स्वस्त पडतो याचं उदाहरण जिल्हा प्रशासनात दिसतं. रायगडसह देशातल्या जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळं एनआयसीच्या 'एसथ्रीवास' या एकाच साच्यावर उभी आहेत. प्रत्येक जिल्ह्यानं वेगळं डिझाइन मागितलं असतं तर तेच काम शेकडो वेळा करावं लागलं असतं. छोट्या कंपनीलाही सुरुवातीला साचा पुरतो.

टूलमध्ये न दिसणारे तीन खर्च

पहिला, जीएसटी. वेबसाइट बनवण्याच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. वरच्या उदाहरणातले एजन्सीचे ८४,००० रुपये प्रत्यक्षात ९९,१२० होतात. ज्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि ज्यानं नोंदणी केलेली नाही असा फ्रीलान्सर जीएसटी लावत नाही. आता इथली खास गोष्ट. स्वतः १८ टक्के जीएसटी आकारणाऱ्या कस्टम ब्रोकरला या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, मिळू शकते. पण जे मालवाहतूकदार ५ टक्क्यांच्या, क्रेडिट नसलेल्या पर्यायाखाली काम करतात, त्यांना हा सगळा कर खिशातून जातो. एकच वेबसाइट, एकच एजन्सी, तरी शेजारशेजारच्या दोन ऑफिसांना खरा खर्च वेगळा. तुमच्या सीएला एक फोन करून हे विचारून घ्या.

दुसरा, लोकांच्या माहितीची जबाबदारी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तुमच्या साइटवरच्या फॉर्ममध्ये तुम्ही नाव आणि नंबर घेत असाल, तर ते कशासाठी घेताय हे सोप्या शब्दांत सांगणं आणि संमती घेणं ही तुमची जबाबदारी असेल. ही सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायचा पर्याय द्यावा लागेल. आज साइट बनवताना हे काम यादीत घातलं तर एक-दोन तासांत होतं. कॅल्क्युलेटरवर नंबर टाकताना हाच हक्क तुम्हालाही असेल, हेही लक्षात ठेवा.

तिसरा, सुरक्षा आणि बॅकअप. न्हावा शेवाला हे वेगळं सांगायला नको. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' या सायबर हल्ल्यात मर्स्क समूहाच्या यंत्रणा जगभर बंद पडल्या, तेव्हा इथल्या जीटीआय टर्मिनलचं कामही विस्कळीत झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये जेएनपीसीटी टर्मिनलवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. हे हल्ले वेबसाइटवर नव्हते आणि आठ पानांच्या साइटचा धोका तेवढा मोठा नाही. धडा मात्र एकच आहे. २०१७ मध्ये मर्स्कला आपलं नेटवर्क पुन्हा उभं करता आलं त्यात घानातल्या एका सर्व्हरचा वाटा होता. वीज गेल्यामुळे तो हल्ल्याच्या वेळी बंद होता, म्हणून वाचला. छोट्या कंपनीनं अशा योगायोगाच्या भरवशावर राहू नये. महिन्यातून एकदा साइटचा बॅकअप स्वतःच्या ड्राइव्हवर यावा, ही अट कोटेशनमध्येच लिहून घ्या.

मग फुकटात वेबसाइटच घेतली तर?

घेता येते. फक्त ती कुणाच्या जमिनीवर उभी आहे हे पाहा. गुगल बिझनेस प्रोफाइलसोबत छोट्या व्यावसायिकांना एक साधी वेबसाइट फुकट मिळायची. मार्च २०२४ मध्ये गुगलनं ही सुविधा बंद केली. त्या साइटवर येणाऱ्यांना काही काळ, १० जून २०२४ पर्यंत, प्रोफाइलकडे वळवलं गेलं. ज्यांनी व्हिजिटिंग कार्डावर आणि गाडीच्या मागे तो पत्ता छापला होता, त्यांना नवा पत्ता शोधावा लागला.

म्हणून साइट फुकट असो वा विकत, डोमेन स्वतःचं हवं. ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या पैशानं घेतलेलं असावं. डेव्हलपरनं 'डोमेन आम्हीच घेऊन देतो, पॅकेजमध्ये फुकट' असं म्हटलं तर नोंदणी कुणाच्या नावावर होणार, हा पहिला प्रश्न. उद्या त्याच्याशी बिनसलं आणि डोमेन त्याच्या खात्यात असेल, तर तुमचं नाव दुसऱ्याच्या ताब्यात राहतं. वर्षाचे हजार रुपये वाचवण्याच्या नादात ही चूक सगळ्यात महाग पडते.

शेवटी, कोणतं टूल निवडायचं?

तुम्ही स्वतः बिल्डरवर साइट बनवणार असाल तर त्या बिल्डरचं किंमत-पान हेच तुमचं टूल. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा दर पाहा आणि जोडा.

दुसऱ्याकडून बनवून घेणार असाल तर कोणत्याही कॅल्क्युलेटरपेक्षा गुगल शीट किंवा साधी वही बरी. वरच्या उदाहरणासारखा तक्ता करा: काम, तास, दर, आणि तीन वर्षांचा आवर्ती खर्च. काही सुटू नये म्हणून एआय चॅटबॉटला कामांची यादी विचारा. मग नंबर न मागणारा आणि फोड दाखवणारा एखादा कॅल्क्युलेटर उघडा आणि आपल्या यादीतलं काही राहिलंय का ते ताडून पाहा. त्याचा आकडा बाजूला ठेवा, प्रश्न घ्या.

ही यादी जशीच्या तशी तीन जणांना पाठवा आणि त्याच रकान्यांत कोटेशन मागा. एकाचं आठ पानांचं, दुसऱ्याचं 'अनलिमिटेड' पानांचं, तिसऱ्याचं एसइओसकट, अशी कोटेशनं शेजारी ठेवून तुलना होत नाही. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या आणि शेवटचा हप्ता सगळे पासवर्ड, बॅकअप आणि डोमेनचा ताबा हातात आल्यावरच द्या.

फुकट टूलचा खरा उपयोग एवढाच, की त्यानं विचारलेले प्रश्न आपण पुढे डेव्हलपरला विचारू शकतो. ट्रेलर घेताना कुणी नुसती शोरूमची किंमत पाहून निर्णय घेत नाही. टायर, विमा, पासिंग, डिझेल, ड्रायव्हर असा सगळा हिशेब मांडतो. वेबसाइट घेतानाही तोच हिशेब मांडायचा आहे.